बिग पिटला जाताना: ब्लायनाव्हन या जुन्या खाणगावाची वाट आणि दिवसाची आखणी

दक्षिण वेल्समधल्या बहुतेक कोळसा खाणी आज दिसतही नाहीत. खाणीत उतरायच्या उभ्या विहिरी बुजवल्या, तोंडावर काँक्रीटची झाकणं टाकली आणि जागेवर गोदामं, सुपरमार्केट, नाहीतर नुसतं गवत आलं. म्हणून ‘खाणगाव बघायचंय’ असं म्हणून कुठल्याही दरीत शिरलं, तर रांगेत बांधलेली दगडी घरं, बंद पडलेलं चॅपल आणि पाऊस एवढंच हाती लागतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने ब्लायनाव्हनपासून सुरुवात करावी. इथली बिग पिट ही खाण १९८० साली बंद पडली, १९८३ पासून लोकांसाठी उघडली आणि २००१ पासून वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा भाग आहे. या खाणीत खरोखर ९० मीटर खाली उतरता येतं. शिवाय लोखंडाच्या भट्ट्या, कामगारांची घरं, चर्च, सभागृह आणि मागचा डोंगर असं सगळं चालत फिरण्याच्या टप्प्यात आहे. या सगळ्या परिसराला २००० साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला.

बरेच जण खाण बघून लगेच परत फिरतात. आमच्या मते ही चूक आहे. अर्धा दिवस खाणीला दिला, तर उरलेला अर्धा गावाला द्यावा.

पोहोचायचं कसं

ब्लायनाव्हनला नेहमीची रेल्वे नाही. जवळचं सोयीचं मोठं स्टेशन न्यूपोर्ट. लंडनच्या पॅडिंग्टनहून तिथे थेट गाडीने साधारण पावणेदोन तास लागतात, कार्डिफहून पंधरा मिनिटं, ब्रिस्टॉलहून चाळीसेक मिनिटं. स्टेशनबाहेर पडून गावातल्या बसस्थानकापर्यंत पायी जा आणि तिथून कुमब्रान, पाँटिपूलमार्गे ब्लायनाव्हनला जाणारी एक्स२४ बस पकडा. तासभर धरा. बसच्या पाटीवर आलटून पालटून वेल्श आणि इंग्रजी नावं येतात. आपल्या गावाचं नाव नाही म्हणून बस सोडू नका, दोन सेकंद थांबा, पाटी बदलते. रविवारी बसफेऱ्या खूपच कमी असतात, तेव्हा शनिवार किंवा आठवड्यातला एखादा दिवस बरा.

बस गावात सोडते. खाण गावाच्या पश्चिमेला, दीडेक किलोमीटर चढावर आहे. ज्येष्ठांना घेऊन जात असाल, तर हा चढ अर्ध्या तासाचा धरा. वारा समोरून असला की तेवढा वेळ लागतोच. लंडनहून एका दिवसात जाऊन येता येतं, पण सगळी धावपळ होते. कार्डिफ, न्यूपोर्ट किंवा डोंगरापलीकडच्या ॲबरगावेनीला आदल्या रात्री मुक्काम केला, तर सकाळची फेरी निवांत मिळते.

स्वतःची गाडी असेल तर एम४ वरून न्यूपोर्टजवळ ए४०४२ ला लागा, पाँटिपूलला ए४०४३ घ्या. तपकिरी पाट्या शेवटपर्यंत सोबत करतात. सेव्हर्न पुलांवरचा टोल २०१८ च्या डिसेंबरात बंद झाला. मात्र वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आहे. इंग्लंडच्या सवयीने ३० ने गेलात, तर घरी दंडाची नोटीस येईल. रस्त्यावर मोठ्या अक्षरांत ‘ARAF’ (उच्चार ‘आराव्ह’) असं लिहिलेलं दिसतं, त्याचा अर्थ ‘हळू’. भारतातून आलेल्यांना वेल्ससाठी वेगळा व्हिसा लागत नाही, ब्रिटनचा पर्यटक व्हिसा तिथेही चालतो.

आधी करायच्या गोष्टी

संग्रहालयात जायला पैसे पडत नाहीत, गाडी लावायचे पडतात. जमिनीखालच्या फेरीची वेळ संग्रहालयाच्या वेबसाइटवरून आधी राखून ठेवा. त्या फेरीबद्दलचे त्या दिवसाचे सगळे नियम तिथेच वाचायला मिळतात. दिवसातली शक्य तितकी लवकरची वेळ घ्या. दुपारची वेळ घेतली आणि बस चुकली, तर पुढची फेरी मिळेलच असं नाही. सकाळी मात्र थोडी फट राहते. शाळांच्या सहली आठवड्याच्या दिवसांत येतात, तर शनिवारी आणि शाळांच्या सुट्ट्यांत घरचे लोक. जानेवारीत वेळा बदलतात, तेव्हा निघण्याआधी पुन्हा एकदा बघून घ्या.

तीन गोष्टी कुटुंबात आधीच बोलून घ्या. एक मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना खाली नेत नाहीत, त्यामुळे लहान मूल असेल तर मोठ्यांनी आळीपाळीने जावं लागतं. व्हीलचेअर खाली नेता येते, पण आधी फोन करून सांगावं लागतं. तिसरी गोष्ट बॅटरीची, ती जरा सविस्तर सांगतो.

बॅटरी, काडेपेटी आणि साडी

पिंजऱ्यात, म्हणजे खाणीत उतरवणाऱ्या लिफ्टमध्ये, चढण्याआधी खिशातलं बॅटरीवर चालणारं आणि ठिणगी पाडू शकणारं सगळं काढून द्यावं लागतं. मोबाइल, कॅमेरा, स्मार्टवॉच, सेलवर चालणारं साधं मनगटी घड्याळ, गाडीची रिमोट किल्ली, इअरफोन, लायटर, काडेपेटी, ई-सिगरेट. पर्यटकांना घाबरवण्यासाठी हा नियम केलेला नाही. कोळशाच्या थरातून मिथेन सुटतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान गेलं की एका ठिणगीने स्फोट होतो. कोळसा काढणं थांबलं, तरी खडकातला वायू संपत नाही. त्यामुळे बिग पिटमध्ये आजही खाणीचेच सुरक्षा नियम पाळतात.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो विसरलेल्या वस्तूंवरून. फिटनेस पट्टा शर्टाच्या बाहीखाली राहतो. जॅकेटच्या आतल्या खिशात किल्ली असते. मुलांच्या बुटांच्या टाचेत दिवे लागणारे सेल असतात, ते बूट घालून आणूच नका. श्रवणयंत्र, पेसमेकर, इन्सुलिन पंप असेल, तर बुकिंग करतानाच संग्रहालयाशी बोला, दारात पोहोचल्यावर नको. खाली फोटो काढता येणार नाहीत हे ओघानेच आलं.

कपड्यांचं म्हणाल, तर आपल्याकडून आलेल्या आई, मावशी, आत्यांसाठी स्पष्टच सांगायला हवं: त्या दिवशी साडी नको. कमरेला जाड पट्टा बांधतात, त्यावर दिव्याची बॅटरी आणि श्वसनाचा डबा अडकवतात. डोक्यावर हेल्मेट असतं. सगळं मिळून पाचेक किलो होतं. पट्ट्याखाली निऱ्या सुटतात आणि ओल्या जमिनीवर काठ भिजतो. पंजाबी ड्रेस किंवा पँट, वर स्वेटर, पायात पकड असलेले बंद बूट. चप्पल, सँडल चालत नाहीत. भर जुलैतसुद्धा खाली गारवा असतो, कारण पंख्याने खेचलेली हवा बोगद्यातून सतत वाहत असते. वर गाव समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरहून उंच आहे. इथे छत्री उलटी होते, टोपीवाला रेनकोटच घ्या.

खाली उतरताना

1. स्वच्छतागृहात जाऊन या. फेरी साधारण ५० मिनिटांची असते आणि खाली सोय नाही.

2. दिव्याच्या खोलीत हेल्मेट आणि पट्टा मिळतो. पट्टा जॅकेटच्या वरून बांधा. आत बांधला तर बॅटरी हाडाला टोचत राहते. हेल्मेटमागची चकती फिरवून घट्ट करा. मान खाली घातल्यावर ते घसरलं नाही पाहिजे.

3. कमरेच्या डब्याबद्दल सांगतील ते नीट ऐका. आग लागली तर कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला वास नसतो आणि तो माणसाला मारतो. या डब्यातलं रसायन श्वासातला तो वायू कार्बन डायऑक्साइडमध्ये बदलतं. डबा ऑक्सिजन देत नाही, बाहेर पडण्यापुरता वेळ देतो.

4. पिंजऱ्यात दाटीवाटीने उभं राहायचं. वरून पाण्याचे थेंब पडतात, खडखडाट होतो, ते नेहमीचंच आहे. बंद जागेची भीती वाटत असेल, तर पिंजऱ्यात शिरण्याआधी सांगा. खाली गेल्यावर पूर्ण गट एकत्रच ठेवावा लागतो.

5. कपाळावरचा दिवा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. बोलताना समोरच्याच्या छातीकडे बघायची सवय लावा. छत जिथे खाली येतं तिथे वाटाड्या ओरडून सांगतो. तरीही हेल्मेट दोनचार वेळा आपटतंच. उंच माणसांनी गुडघ्यात वाकावं. नुसती मान वाकवली तर नजर पायांकडे जाते आणि पुढची छताची आडवी लाकडी तुळई दिसत नाही.

वाटाडे खाणीत काम केलेले किंवा खाणकाम जाणणारे लोक असतात. त्यांचा उच्चार दरीतला, वेगवान. समजलं नाही तर पुन्हा विचारा, कुणी रागावत नाही. मुलांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. एका ठिकाणी सगळे दिवे बंद करतात. आपण ज्याला अंधार म्हणतो त्याहून हा वेगळा असतो, डोळ्यांसमोर धरलेला हात दिसत नाही आणि कितीही वेळ थांबलं तरी दिसत नाही. हवेच्या दारापाशी अशाच अंधारात दिवसभर बसून राहणं हे पूर्वी लहान मुलांचं काम होतं. कोळशाची गाडी आली की दार उघडायचं, गेली की लावायचं. दार उघडं राहिलं तर हवा भलत्याच वाटेने जाते आणि खाणीच्या टोकाला वायू साठतो, म्हणून त्या पोरांवर सगळ्यांचा जीव अवलंबून होता. १८४२ च्या कायद्याने बायका, मुली आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना जमिनीखाली काम करायला बंदी झाली. दहा वर्षांचा मुलगा मात्र त्यानंतरही जातच होता.

घोड्यांचे तबेले लागतात, तिथे घाईने पुढे जाऊ नका. कप्प्यांवर घोड्यांची नावं आहेत.

वर आल्यावर सरळ उपाहारगृह गाठायचा मोह होतो. त्याआधी आंघोळीची इमारत बघा. १९३९ मध्ये ती झाली, तोपर्यंत खाणकामगार काळेच्या काळे घरी जात आणि चुलीसमोर पत्र्याच्या टबात आंघोळ करत. पाणी तापवणं, कपडे झटकणं, वाळवणं हे सगळं घरातल्या बाईच्या माथी. इथल्या रचनेत एका बाजूला स्वच्छ कपड्यांचे लॉकर, दुसऱ्या बाजूला खाणीच्या कपड्यांचे, मध्ये शॉवर. लॉकरमधून गरम हवा फिरवत, म्हणजे दुसऱ्या पाळीला ओले कपडे अंगावर चढवायला नकोत. चंद्रपूर, वणी, उमरेडकडच्या वाचकांना कोळशाची धूळ घरात कशी येते हे सांगायला नको. तिथे उघड्या खाणी जास्त, इथे सगळं विहिरीतून. संग्रहालयाची प्रदर्शनंही याच इमारतीत आहेत.

गावात: आधी भट्ट्या, मग बाकीचं

खरं तर कोळशाआधी इथे लोखंड होतं. लोहखनिज, कोळसा, चुनखडी, भट्टीच्या विटांसाठीची माती, सगळं एकाच डोंगरात सापडलं, म्हणून ओसाड माळावर १७८९ च्या सुमाराला तीन झोतभट्ट्या उभ्या राहिल्या आणि भट्ट्यांमागोमाग गाव वसलं. हा लोखंड कारखाना आज कॅडू या वेल्सच्या वारसा विभागाकडे आहे. तो रोज उघडा नसतो. आठवड्यातले कोणते दिवस चालू आहे ते आधी बघा आणि शक्य असेल तर त्याच दिवसाची खाणफेरी घ्या. उलट क्रमाने ठरवलं तर नेमका हा कारखाना हुकतो.

आत गेल्यावर पहिल्यांदा मागचा कडा बघा. भट्ट्या कड्याला टेकवून बांधल्या, कारण खनिज, कोक (भाजून तयार केलेला कोळसा) आणि चुनखडी वरच्या सपाटीवरून थेट भट्टीच्या तोंडात ओतता यायची. उचलायचे कष्ट नाहीत. खाली वितळलेलं लोखंड वाळूच्या चरांत सोडायचं. आता हे जड लोखंड पुन्हा वर न्यायचं कसं? त्यासाठी बाजूला १८३९ चा उंच दगडी मनोरा आहे. वर पाण्याची टाकी भरायची, ती वजनाने खाली यायची आणि दोराच्या दुसऱ्या टोकाची लोखंडाची गाडी वर जायची. खाली टाकी रिकामी केली की चक्र पुन्हा सुरू. इंजीन नाही, इंधन नाही, फक्त पाणी.

१८७०च्या दशकाच्या शेवटी याच आवारात पर्सी गिलख्रिस्ट या रसायनतज्ज्ञाने आपला आतेभाऊ सिडनी गिलख्रिस्ट थॉमस याच्या कल्पनेवर प्रयोग केले. खनिजात फॉस्फरस असला की पोलाद ठिसूळ व्हायचं. भट्टीला आतून आम्लारीधर्मी (आम्लाच्या उलट गुणाचं) अस्तर दिलं आणि चुना घातला की फॉस्फरस मळीत, म्हणजे धातूपासून वेगळ्या होणाऱ्या टाकाऊ भागात, निघून जातो, हे त्यांनी दाखवलं. ती मळी पुढे खत म्हणून विकली गेली. या शोधामुळे युरोपातलं फॉस्फरसयुक्त खनिज कामी आलं आणि गंमत अशी की ब्लायनाव्हनसारख्या जुन्या कारखान्यांचे प्रतिस्पर्धीच त्यातून मोठे झाले. आवारातली कामगारांची छोटी घरं वेगवेगळ्या काळानुसार मांडली आहेत, तीही बघा.

तिथून उतरून सेंट पीटर्स चर्च. १८०४ चं. जिथे दगड किंवा लाकूड अपेक्षित असतं तिथे इथे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आहे: बाप्तिस्म्याचं पात्र बिडाचं, थडग्यांवरची झाकणंही बिडाची. शेजारची १८१६ ची शाळा कारखानदाराच्या बहिणीने भावाच्या स्मरणार्थ बांधली. तिथे आता जागतिक वारसा केंद्र आहे. नकाशा इथून घ्या. पाऊस जास्त असेल तर पाऊण तास इथेच काढता येतो. पुढे ब्रॉड स्ट्रीटच्या बाजूला कामगारांचं सभागृह दिसतं, १८९५ चं. कामगारांच्या पगारातून कापलेल्या अर्ध्या पेनीतून ते उभं राहिलं. ग्रंथालय, बिलियर्ड, नाटकं सगळं एका छताखाली. गावाची लोकवस्ती ऐन भरात बारा हजारांच्या घरात होती, आता साधारण निम्मी आहे. त्यामुळे मुख्य रस्त्यावर काही दुकानं बंद दिसतील. त्या बंद दारांचे फोटो काढताना रस्त्यावरच्या माणसांना चौकटीत घेऊ नका. त्यांचं हे राहतं गाव आहे.

जेवण

खाणीवरच्या उपाहारगृहात पोटभर, साधं जेवण मिळतं. गावातली कॅफे चारच्या सुमाराला आवरायला लागतात, रविवार-सोमवारी काही उघडतही नाहीत. शाकाहारी लोकांनी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. वेल्श केक, म्हणजे तव्यावर भाजलेली मनुकांची गोड टिक्की, पूर्वीपासून डुकराच्या चरबीत करतात. आता बरेच जण लोणी वापरतात, पण विचारा. वेल्श रॅरबिट म्हणजे पावावर चीजचा जाड थर. त्यात बहुधा बिअर आणि वूस्टर सॉस असतो आणि त्या सॉसमध्ये मासा असतो. चिप्स काही ठिकाणी गायीच्या चरबीत तळतात. काउल हे मटणाचं सूप आहे. मांस नसलेलं असं म्हणजे ग्लॅमॉर्गन सॉसेज: नाव सॉसेज असलं तरी आत चीज, लीक (कांद्याच्या पातीसारखी भाजी) आणि पावाचा चुरा. बारा ब्रिथ हा चहात भिजवलेल्या मनुकांचा पाव, चहासोबत उत्तम. जैन किंवा उपवास असेल तर डबा सोबत आणा. तिखटाची बाटली आणली तरी कुणी काही म्हणत नाही.

डोंगर

गाडी असेल आणि आभाळ मोकळं असेल, तर ॲबरगावेनीच्या रस्त्यावर कीपर्स पाँडला जा. हे तळं लोखंडाच्या कारखान्याला पाणी पुरवायला बांधलं होतं. ५६१ मीटर उंचीच्या ब्लॉरेंजवर जायला वरच्या फॉक्सहंटर वाहनतळापासून जवळजवळ सपाट वाट आहे, तासाभरात जाऊन येता. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला सुवर्णपदक मिळवून देणारा फॉक्सहंटर घोडा इथेच पुरला आहे. धुकं दहा मिनिटांत उतरतं. वाट दिसेनाशी झाली तर पुढे जाऊ नका, आलात तसे मागे फिरा. गवताखाली दलदल असते. मेंढ्यांची फाटकं जशी होती तशीच ठेवा, उघडी तर उघडी, बंद तर बंद.

ओढ्यांचं पाणी कुठे कुठे भडक नारिंगी असतं. पाण्याने भरलेल्या खाणीत लोहयुक्त खनिज विरघळतं आणि बाहेर हवा लागली की गंजासारखं साचतं. मुलांना त्यात खेळू देऊ नका, कपड्यांचे डाग जात नाहीत. उतारावर जुन्या बोगद्यांची तोंडं दिसली तर आत डोकावायचंही नाही. तिथे ऑक्सिजन कमी झालेली हवा साठलेली असते आणि तिची चाहूल लागत नाही.

बोलताना

इथल्या लोकांना ‘इंग्लिश’ म्हणू नका. खाणीबद्दल मोकळेपणाने विचारा: थर किती जाड होता, पाळी किती तासांची, वायू कसा तपासायचे. खाणकामगारांचा १९८४-८५ चा वर्षभराचा संप मात्र अजून ताजा आहे. विषय निघाला तर ऐका, आपलं राजकीय मत पुढे करू नका.

ॲबरफॅनला जायचा विचार असेल, तर तो याच सहलीत कोंबू नका. २१ ऑक्टोबर १९६६ ला डोंगरावरचा खाणीच्या राडारोड्याचा ढिगारा तिथल्या शाळेवर घसरला. १४४ माणसं गेली, त्यांतली ११६ मुलं. ढिगारा झऱ्यावर रचला होता. शाळेच्या जागी आता बाग आहे, वर दफनभूमीत पांढऱ्या कमानी. कार्डिफहून मर्थरच्या गाडीने मर्थर व्हेल स्टेशनला उतरून चालत जाता येतं. तिथे सेल्फी नको आणि वय दिसणाऱ्या माणसांना ‘तुम्ही तेव्हा इथे होता का’ असं विचारणंही नको.

खाली जाता आलं नाही तर

पिंजऱ्याची दुरुस्ती, हवेची तपासणी अशा कारणांनी फेरी रद्द होऊ शकते, तेव्हा सकाळी निघण्याआधी वेबसाइट बघा. रद्द झालीच तर प्रदर्शनं, आंघोळीची इमारत, भट्ट्या आणि गाव यांत दिवस जातो. शनिवार-रविवारी किंवा ठरावीक तारखांना जुन्या वाफेच्या इंजिनांची पाँटिपूल-ब्लायनाव्हन रेल्वे चालते, तिचं वेळापत्रकही बघून ठेवा. गाडी नसेल आणि मुक्काम कार्डिफला असेल, तर ऱ्हाँडा दरीतल्या ट्रेहाफॉड स्टेशनला उतरा. स्टेशनपासून थोड्याच अंतरावर लुइस मर्थर खाणीच्या जागेवर ऱ्हाँडा हेरिटेज पार्क आहे. तिथे खोल उतरत नाहीत, खाणीचा देखावा उभारलेला आहे. पण माजी खाणकामगार माहिती देतात आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना ते जास्त झेपतं.